गुळगुळीत स्नायू, टेंडन की नर्व्ह? स्लाइडवर ऊती ओळखताना होणारी गल्लत

फिकट_इओसिन

प्रथम वर्षाची हिस्टॉलॉजीची (ऊतिशास्त्राची) प्रॅक्टिकल जवळ आली आहे. चार मुख्य ऊती तोंडपाठ आहेत. अभिस्तर ऊती पृष्ठभाग झाकते, शोषण आणि स्राव करते. संयोजी ऊती जोडते, आधार देते, साठवण आणि वहन करते. स्नायू ऊती आकुंचन पावते आणि चेता ऊती संदेश नेते. आकृत्याही काढता येतात. खरी अडचण सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसला डोळा लावल्यावर सुरू होते, कारण आकृतीतलं काहीच तिथे दिसत नाही.

१. उभ्या छेदात गुळगुळीत स्नायू, टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) आणि नर्व्ह तिन्ही सारखेच वाटतात. गुलाबी लाटा आणि त्यात जांभळे ठिपके, बस.

२. सूडोस्ट्रॅटिफाइड (थर भासतात, पण असतो एकच) आणि स्ट्रॅटिफाइड (खरे अनेक थर, म्हणजे स्तरित) अभिस्तर यांत फरक करता येत नाही. किडनीच्या स्लाइडवर एकस्तरीय अभिस्तर असतं असं वाचलं, पण काही ठिकाणी दोन-तीन थर स्पष्ट दिसतात.

३. आमच्या बॉक्समधल्या बऱ्याच स्लाइड जुन्या आहेत. जांभळा रंग जवळजवळ गेलाय, सगळं गुलाबी. अशा स्लाइडवर काय बघायचं?

स्पॉटला, म्हणजे समोर ठेवलेली स्लाइड ओळखायच्या प्रश्नाला, नाव आणि दोन ओळखखुणा लिहायच्या असतात. वेळ मिनिट-दोन मिनिटं.

मायक्रोटोम

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, कारण तो सुटला की निम्मी स्लाइडपेटी सुटते.

रंगावर जाऊ नका. एच अँड ई या नेहमीच्या रंगपद्धतीत हिमॅटॉक्सिलिन केंद्रकं जांभळी करतं आणि इओसिन बाकीची बहुतेक प्रथिनं गुलाबी. स्नायूतलं ॲक्टिन-मायोसिन गुलाबी, टेंडनमधलं कोलॅजेनही गुलाबी. प्रश्न असा विचारा: हा गुलाबी भाग पेशीच्या आतला आहे की बाहेरचा?

स्नायूत ओढण्याचं काम पेशी स्वतः करते, म्हणून गुलाबी भाग ही पेशीच असते आणि केंद्रक त्या गुलाबीच्या पोटात बसतं. टेंडनमध्ये ताण सोसतात ते पेशीबाहेरचे कोलॅजेनचे दोर. पेशी फक्त ते दोर बनवतात आणि राखतात. त्यामुळे केंद्रकं दोन दोरांच्या फटीत चेपून बसलेली दिसतात: बारीक, गडद, दोन्ही टोकांना निमुळती, बरेचदा एकामागे एक रांगेत. दोराच्या आत केंद्रक कधीच नसतं.

हाय पॉवरला, म्हणजे ४०च्या ऑब्जेक्टिव्हवर, एकच केंद्रक धरा आणि फाइन नॉब हळू फिरवत त्याच्या दोन्ही बाजूंना बघा. गुळगुळीत स्नायूत केंद्रक लांबट, पण टोकं बोथट, आतला रंग जरा फिका, आणि दोन्ही अंगांना गुलाबी पेशीद्रव्य. स्नायू आकुंचन पावलेल्या अवस्थेत फिक्स झाला (रसायनात जसाच्या तसा टिकवला गेला) असेल तर केंद्रक स्क्रूसारखं पिळलेलं दिसतं. असं पिळलेलं केंद्रक सापडलं की लगेच लिहून टाका, ही खूण सहसा दगा देत नाही.

नर्व्हमध्ये तिसराच प्रकार. ॲक्सॉन म्हणजे चेतापेशीचा लांब तंतू, आणि त्याच्याभोवतीचं मायलिनचं वेष्टण मुख्यतः मेदाचं असतं. ऊती पॅराफिनमध्ये बसवण्याआधी अल्कोहोल आणि झायलीनमधून जाते, तेव्हा ते विरघळून जातं. मागे उरते पांढरट, फेसाळ पोकळी आणि तिच्यातून जाणारी ॲक्सॉनची गुलाबी बारीक रेघ. केंद्रकं भरपूर, बहुतेक श्वान पेशींची, म्हणजे मायलिन बनवणाऱ्या पेशींची. एकूण रंग टेंडनपेक्षा फिका. कडेला पेरिन्युरियमचं घट्ट वेष्टण बघायला विसरू नका.

लाटा दिसल्या म्हणून नर्व्ह लिहू नका. टेंडनचं कोलॅजेनही सैल असताना लाटांसारखं मुडपतं.

आडव्या छेदात तर काम आणखी सोपं. गुळगुळीत स्नायूची पेशी चातीसारखी, मधे जाड आणि टोकांना बारीक, त्यामुळे लहानमोठ्या गुलाबी चकत्या दिसतात. ज्या पेशीचा छेद बरोबर मधून गेला तिच्यातच केंद्रक, बाकीच्या रिकाम्या. नर्व्हमध्ये पांढऱ्या कड्यात गुलाबी ठिपका, असे शेकडो ठिपके एका गोल वेष्टणात. टेंडनमध्ये मोठे गुलाबी ठोकळे आणि त्यांच्या फटींत चांदणीसारखी गडद केंद्रकं.

सरावाला लहान आतड्याची एकच स्लाइड पुरते. छेद आडवा असेल तर आतला वर्तुळाकार स्नायूथर लांबीत कापलेला दिसतो आणि बाहेरचा उभा थर चकत्यांसारखा. म्हणजे एकच ऊती, दोन्ही छेदांत, शेजारी शेजारी. त्या दोन थरांच्या मधल्या फटीत फिकट बेटं शोधा. तिथे मोठ्या पेशी, गोल फिकं केंद्रक आणि त्यात ठसठशीत न्यूक्लिओलस (केंद्रकातला गडद ठिपका) दिसला तर तो मायएंटेरिक प्लेक्ससचा चेतापेशींचा पुंजका. आतल्या अंगाला अभिस्तर, त्याखाली विरल संयोजी ऊती. चारही ऊती एका स्लाइडवर झाल्या.

तळपटल

मायक्रोटोम यांच्याशी सहमत. दुसऱ्या प्रश्नाचं मी घेतो.

अभिस्तर ऊतीची पहिली खूण म्हणजे मोकळी कड. एका बाजूला पोकळी किंवा बाहेरचं जग, दुसऱ्या बाजूला तळपटल (पेशी ज्यावर बसतात तो पातळ पडदा), आणि मधे एकमेकींना चिकटलेल्या पेशी. पेशींमध्ये रक्तवाहिनी नसते, पोषण खालच्या संयोजी ऊतीतून झिरपून येतं. मोकळी कडच सापडत नसेल तर अभिस्तर लिहिण्याआधी थांबा. (अंतःस्रावी ग्रंथी याला अपवाद, तिथे पेशींचे पुंजके आणि दोऱ्या असतात.)

किडनीत दिसणारे दोन-तीन थर खरे थर नाहीत. नलिका तिरपी कापली गेली की एकाच थरातल्या शेजारच्या पेशी एकावर एक रचल्यासारख्या दिसतात. नळी अगदी भिंतीलगत कापली गेली तर पोकळीच दिसत नाही, नुसता केंद्रकांचा घोळका. नियम असा: ज्या नलिकेची पोकळी नीट गोल दिसते आणि जिथे पेशींच्या कडा तळपटलाला काटकोनात आहेत, तिथेच थर मोजा. बाकीच्या नलिका सोडून द्या.

नाव देताना नेहमी सर्वांत वरच्या थराचा आकार धरतात. अन्ननलिकेच्या अस्तरात तळाच्या पेशी घनाकार किंवा स्तंभाकार असतात आणि वर जाताना चपट्या होतात. म्हणून ते स्तरित पट्टकी. नजर तळाला पडली आणि स्तरित घनाभरूप लिहिलं, ही नेहमीची चूक. त्वचेचा छेद आणि अन्ननलिकेचा छेद यांतला फरकही वरच बघायचा. त्वचेत सर्वांत वर केराटिनचे पापुद्रे, त्यांत केंद्रक नाही. अन्ननलिकेत अगदी वरच्या चपट्या पेशींतही केंद्रक शिल्लक असतं.

सूडोस्ट्रॅटिफाइडमध्ये सगळ्या पेशी तळपटलाला टेकलेल्या असतात, पण सगळ्या वरपर्यंत पोचत नाहीत. म्हणून केंद्रकं दोन-तीन पातळ्यांवर. श्वासनलिकेत वरच्या कडेला केसांसारखे रोम आणि मधे मधे श्लेष्मा स्रवणाऱ्या गॉब्लेट पेशींचे फिके फुगे. स्तरित पट्टकीत रोम नसतात. रोम आणि गॉब्लेट दोन्ही दिसले की सूडोस्ट्रॅटिफाइड लिहा.

मूत्राशयाची ट्रान्झिशनल अभिस्तर वेगळी ठेवा. रिकाम्या मूत्राशयात पाच-सहा थर आणि वरच्या पेशी घुमटासारख्या फुगीर, काहींत दोन केंद्रकं. ताणलेल्या मूत्राशयात तीच ऊती दोन-तीन थरांची आणि चपटी. स्लाइड कुठल्या अवस्थेतली आहे हे कुणी सांगत नाही, त्यामुळे घुमट शोधणं हाच भरवशाचा मार्ग.

कॅसेट_नं_४

तळपटल, एक दुरुस्ती. गॉब्लेट लहान आणि मोठ्या आतड्यातही असतात, आणि तिथलं अस्तर साधं स्तंभीय. आतड्यातल्या पेशींची वरची कड, म्हणजे मायक्रोव्हिलाय हे बोटांसारखे अतिसूक्ष्म उंचवटे, घाईत बघितली तर रोमांसारखी वाटते. फरक असा: रोम उंच आणि सुटे सुटे दिसतात, मायक्रोव्हिलायची नुसती एक गुलाबी, सलग, चकचकीत पट्टी दिसते. एपिडिडायमिसमध्ये (वृषणालगतच्या शुक्राणूंच्या नळीत) आणखी एक सापळा आहे. तिथे अस्तर सूडोस्ट्रॅटिफाइडच, वर लांब केसही आहेत, पण गॉब्लेट नाहीत. ते केस हलत नाहीत, मुळात ते लांबलेले मायक्रोव्हिलायच. नाव मात्र स्टिरिओसिलिया.

आता तिसरा प्रश्न, फिक्या स्लाइडचा. स्लाइड कशी बनते हे माहीत असलं की दोष आणि रचना यांत गल्लत होत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

ऊतीचा तुकडा ३ ते ५ मिमी जाडीचा घेतात आणि १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. १० टक्के फॉर्मॅलिन म्हणजे प्रत्यक्षात साधारण ४ टक्के फॉर्माल्डिहाइड. द्रव तुकड्याच्या निदान १० पट, शक्यतो २० पट हवा. तुकडा जाड असला किंवा द्रव कमी पडला तर मधला भाग न फिक्सता सडतो. मग ७०, ९०, १०० टक्के अल्कोहोल, झायलीन, ५६ ते ६० अंश सेल्सिअसला वितळणारं पॅराफिन, आणि शेवटी ४ ते ५ मायक्रॉनचे छेद.

रंगवण्याचा क्रम: झायलीनचे दोन बदल, उतरत्या क्रमाने अल्कोहोल, पाणी, हॅरिस हिमॅटॉक्सिलिन ५ ते ८ मिनिटं, पाणी, १ टक्का ॲसिड अल्कोहोलमध्ये एक-दोन डुबक्या, मग वाहत्या नळाच्या पाण्यात ५ ते १० मिनिटं, इओसिन १ ते २ मिनिटं, चढत्या क्रमाने अल्कोहोल, झायलीन, डीपीएक्स (चिकटवायचा द्रव), कव्हरस्लिप (वरची पातळ काच).

जांभळा रंग तीन ठिकाणी हुकतो. ॲसिड अल्कोहोलमध्ये डुबकी लांबली तर केंद्रकाचा रंगही निघून जातो. नळाच्या पाण्याऐवजी आरओचं पाणी वापरलं तर रंग लालसरच राहतो, कारण निळं व्हायला पाणी किंचित अल्कधर्मी लागतं. अशा वेळी पाण्यात अमोनियाचे काही थेंब टाकतात. आणि स्लाइड वर्षानुवर्षं उजेडात राहिली तर रंग विटतात.

फिकी स्लाइड पुन्हा रंगवता येते. झायलीनमध्ये बुडवून कव्हरस्लिप आपोआप सुटेपर्यंत ठेवायची. जुन्या डीपीएक्सला एक-दोन दिवसही लागतात. नखाने किंवा ब्लेडने उचकटली तर छेद कव्हरस्लिपबरोबर फाटून येतो. हे काम टेक्निशियनकडेच द्या, परीक्षेच्या आदल्या दिवशी करण्यासारखं नाही.

परीक्षेत फिकी स्लाइड आलीच तर कंडेन्सरखालचा डायफ्रॅम थोडा बंद करा. उजेड कमी होतो, पण कडा आणि पट्टे उठून दिसतात. कंकाल स्नायूचे (हाडांना जोडलेल्या स्नायूचे) आडवे पट्टे पूर्ण उघड्या डायफ्रॅमवर कित्येकदा दिसतच नाहीत, तो थोडा ओढला की लगेच येतात.

दोषांचं म्हणाल तर काळजी घ्यायची ती दोनच. आतड्याच्या स्लाइडवर व्हिलायची (अस्तराच्या बोटांसारख्या उंचवट्यांची) टोकं उघडी पडलेली आणि अस्तराच्या पट्ट्या पोकळीत तरंगताना दिसल्या, तर फिक्सिंगला उशीर झाल्याने अस्तर सुटलंय. तिथे अभिस्तर नसतं असं समजू नका. दुसरं, पेशींवर सर्वत्र विखुरलेले तपकिरी-काळे कण. आम्लधर्मी झालेल्या फॉर्मॅलिनचा तो साका असतो, मेलॅनिन नव्हे. मेलॅनिन त्वचेत मुख्यतः तळाच्या थरात असतं, असं कुठेही सांडलेलं नसतं.

फिकट_इओसिन

तिघांचेही आभार. आतड्याच्या स्लाइडवर प्लेक्सस सापडला. आधी ती फिकट बेटं फटी समजून सोडून देत होतो.

आणखी दोन शंका. आडव्या छेदात कंकाल स्नायू आणि हृदयाचा स्नायू वेगळे कसे करायचे, कारण तिथे पट्टे दिसत नाहीत. आणि कार्यं नुसती पाठ करण्यापलीकडे त्यांचा काही उपयोग आहे का? व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) 'कार्टिलेज (कूर्चा) भरून का येत नाही' असं विचारतात म्हणे.

मायक्रोटोम

आडव्या छेदात पुन्हा केंद्रकच बघायचं. कंकाल स्नायूचा तंतू १० ते १०० मायक्रॉन जाड, केंद्रकं अनेक आणि अगदी कडेला चिकटलेली. आतली सगळी जागा आकुंचन पावणाऱ्या तंतुकांनी भरलेली असते, म्हणून केंद्रकांना बाहेर ढकललं जातं. हृदयात केंद्रक एक, क्वचित दोन, आणि पेशीच्या मध्यावर. पेशी फांद्या फुटलेल्या, त्यामुळे चकत्यांचे आकार ओबडधोबड. मधल्या फटींत केशवाहिन्या खच्चून. लांबीत कापलं असेल तर इंटरकॅलेटेड डिस्क शोधा, पट्ट्यांपेक्षा जाड आणि गडद आडव्या रेघा, कधी पायऱ्यांसारख्या.

मोजपट्टी जवळच असते. छेदातली लाल रक्तपेशी साधारण ७ मायक्रॉन धरा आणि शेजारच्या तंतूत किती मावतील ते बघा.

मराठी शब्दांतली एक खोड सांगून ठेवतो. 'पट्टकी' हा शब्द चपट्या अभिस्तरालाही लावतात आणि पट्टे असलेल्या स्नायूलाही. उत्तरात एकटा 'पट्टकी' लिहू नका, पुढे अभिस्तर की स्नायू ते जोडा.

तळपटल

कॅसेट, गॉब्लेटची चूक मान्य.

व्हायव्हाचं उत्तर रचनेतूनच येतं. ऊती किती भरून येते हे दोन गोष्टींवर ठरतं: तिच्या पेशी विभागतात का, आणि तिथवर रक्त पोचतं का.

लहान आतड्याचं अस्तर ३ ते ५ दिवसांत नवं होतं, त्वचेच्या वरच्या थराला महिनाभर किंवा थोडं जास्त लागतं. म्हणूनच झपाट्याने विभागणाऱ्या पेशी मारणारी केमोथेरपी सुरू झाली की तोंड येणं आणि जुलाब लवकर दिसतात.

कार्टिलेजमध्ये रक्तवाहिन्या नाहीत. कॉन्ड्रोसाइट, म्हणजे कार्टिलेजच्या पेशी, आपापल्या खोबणीत अडकलेले, आजूबाजूचं घट्ट आधारद्रव्य ओलांडून ते जखमेपर्यंत सरकू शकत नाहीत. सांध्यातल्या कार्टिलेजला तर पेरिकॉन्ड्रियमही नसतं, म्हणजे नव्या पेशी पुरवणारं आवरणही नाही. गुडघ्याच्या मेनिस्कसमध्ये (सांध्यातल्या कार्टिलेजच्या गादीत) हेच एका तुकड्यात दिसतं. बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथली फाट जुळू शकते. आतल्या कडेला नसतो, तिथली सहसा जुळत नाही.

हाडात रक्तवाहिन्या भरपूर, म्हणून मोडलेलं हाड हाडानेच जुळतं. टेंडन आणि लिगामेंटमध्ये रक्तपुरवठा तुटपुंजा, म्हणून तिथे आठवडे-महिने लागतात. कंकाल स्नायूत सॅटेलाइट पेशी राखीव असल्याने काही प्रमाणात नवे तंतू बनतात. हृदयात ती सोय जवळजवळ नाही, झटक्यानंतर मेलेल्या भागात कोलॅजेनचा व्रण भरतो. व्रण ताण सोसतो, पण आकुंचन पावत नाही. मायक्रोटोम यांनी म्हटलेलं 'गुलाबी आत की बाहेर' इथे पेशंटच्या छातीत लागू पडतं.

हातापायांतली नर्व्ह तुटली तर आवरण जुळवून दिल्यावर ॲक्सॉन दिवसाला साधारण १ मिमी वाढतो. मनगटाशी तुटलेली नर्व्ह बोटाच्या टोकापर्यंत पोचायला काही महिने लागतात, ते या हिशेबाने. मेंदू आणि मज्जारज्जूत अशी वाढ होत नाही.

कॅसेट_नं_४

थोडं विषयांतर. ऊती ही कल्पना ज्याने रुजवली त्या फ्रान्सच्या बिशाने सूक्ष्मदर्शक वापरलाच नव्हता. तो अवयव उकळून, वाळवून, कुजवून, आम्लात टाकून बघायचा आणि त्यावरून २१ ऊती वेगळ्या केल्या. १८०२ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी वारला. उकळल्यावर टेंडनचं जिलेटिन होतं आणि मांसाचं होत नाही, हे पायाचं सूप करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. कोलॅजेन आणि स्नायू वेगळे करायची ती सर्वांत जुनी पद्धत म्हणायला हरकत नाही.

लॅबमध्ये आज तेच काम मॅसन ट्रायक्रोम हा स्टेन करतो: स्नायू लाल, कोलॅजेन निळं. व्हॅन गिसनमध्ये उलटं वाटतं, कोलॅजेन लाल आणि स्नायू पिवळा. स्पॉटला अशी स्लाइड आली तर आधी स्टेन ओळखा, मग ऊती. 'लाल म्हणजे स्नायू' हे पाठ करून गेलात तर व्हॅन गिसन फसवेल.

मेद ऊतीबद्दल कुणी लिहिलं नाही. तीही संयोजी ऊतीच. एच अँड ईमध्ये मेद विरघळून गेलेला असतो, म्हणून नुसती पांढरी जाळी आणि कडेला चेपलेलं केंद्रक, खड्याच्या अंगठीसारखं. फुप्फुसाशी गल्लत होते. फुप्फुसाच्या पोकळ्यांच्या भिंतीत केशवाहिन्या आणि पुष्कळ केंद्रकं असतात, मेद ऊतीत भिंत एका रेघेची. मेद प्रत्यक्ष बघायचा तर फ्रोझन सेक्शन (गोठवून कापलेला छेद) घेऊन ऑइल रेड ओ हा रंग लावावा लागतो.

फिकट_इओसिन

शेवटचं. हाडाच्या स्लाइडवर गोल वलयांमध्ये काळे, कोळ्यासारखे पाय फुटलेले ठिपके दिसतात. हेच ऑस्टिओसाइट (हाडाच्या पेशी) ना?

कॅसेट_नं_४

नाही, आणि इथे मार्क जातात. ती घासून पातळ केलेली वाळक्या हाडाची स्लाइड आहे, ग्राउंड सेक्शन. त्यात पेशी शिल्लकच नसते. काळं दिसतं ते रिकाम्या खोबणीत, म्हणजे लॅक्युनात, अडकलेल्या हवेमुळे. पाय म्हणजे कॅनालिक्युलाय, बारीक नळ्या. मधलं मोठं भोक हॅवर्सियन कॅनाल. 'लॅक्युना आणि कॅनालिक्युलाय, लॅमेली (हाडाचे थर) वलयाकार' असं लिहा.

ऑस्टिओसाइट बघायचे तर डीकॅल्सिफाइड, म्हणजे कॅल्शियम काढलेली, स्लाइड हवी. ती गुलाबी असते, खोबणीत जांभळं केंद्रक दिसतं, पण कॅनालिक्युलाय धड दिसत नाहीत. कॅल्शियम काढायला ५ टक्के नायट्रिक ॲसिड वापरलं तर काम लवकर होतं, पण तुकडा जास्त वेळ राहिला तर केंद्रकं रंगच घेत नाहीत. ईडीटीए या सौम्य रसायनाला आठवडे लागतात, केंद्रकं मात्र शाबूत राहतात.

आणि ग्राउंड सेक्शनवर एखाद्या भागात ठिपके काळे नसून पारदर्शक दिसले तर बिचकू नका. माउंट करताना पातळ डीपीएक्स खोबणीत शिरलं आणि हवा बाहेर गेली, एवढंच. नजर सरकवून काळा भाग शोधा.